आत किती आहे

मूंटा गावात त्रेचाळीस अंश.
समुद्र हाकेच्या अंतरावर, पण आज त्याचं कोणी ऐकत नाही.
तांब्याच्या बंद खाणींवरून वारा येतो
भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखा.

डेंझिल ट्रेगेन्झा धुण्याच्या खोलीत
उकिडवा बसलाय टबापाशी.
टबात पाणी, पाण्यात तेवीस लिटरचं पिंप,
पिंपाच्या अंगात त्याचा जुना क्रिकेटचा सदरा,
बाह्या लोंबताहेत, कापड पाणी वर ओढतंय,
आणि समोर घरातला एकमेव टेबलफॅन.
माणसांनी आपापलं बघावं.

बिअरच्या फ्रिजने परवा मान टाकली.
तो होता तोवर आकडा लावायचा आणि झोपायचं.
आता दर चार तासांनी बर्फाची बाटली:
एक काढायची, एक बुडवायची,
काढलेली स्वयंपाकघरात, फ्रीझरमध्ये,
मटारांच्या पिशवीशेजारी.

पहिले तीन दिवस नाजूक,
तो सांगतो, कोणी विचारलेलं नसताना.
अठराच्या खाली यीस्ट पांघरूण ओढून तळाशी निजतं.
बावीसच्या वर पिसाळतं,
बिअरला पिकल्या केळ्यांचा वास,
आणखी पारा चढला तर थिनरचा,
आणि दुसऱ्या दिवशी डोकं.
ते डोकं डेंझिलला ठाऊक आहे.
एकोणऐंशीच्या उन्हाळ्यातली बिघडलेली खेप
त्याने एकट्याने संपवली होती, टाकवेना म्हणून.

रात्री दोनचा गजर.
मर्ल दारात, हातात बर्फाची बाटली.
"पेरनला गोवर आला होता," ती म्हणते,
"तेव्हा नव्हतास उठला."
बाटली देते, जाते.
आवाजात राग नाही.
असता तर बरं झालं असतं.

एक चूक त्याने कित्येक वर्षं केली.
थर्मामीटर भिंतीवर, खिळ्याला.
भिंत म्हणायची अठरा, हा म्हणायचा झकास.
पण साखर खाणारे ते जीव स्वतःच तापतात,
खोली गार आणि आत चार अंश जास्त,
बाहेर कुणाला पत्ता नाही.

घरातही सगळं झकास होतं.
जेवण सहाला. काटे डावीकडे.
पेरन मान खाली घालून खायचा, ताट धुवायचा.
एकोणिसाव्या वर्षी झाकण उडालं,
छतापर्यंत फेस,
शेजारच्या मिसेस पेंगेलीनेही ऐकलं म्हणे,
आणि डेंझिल सगळ्यांना सांगत राहिला:
अचानक. अगदी अचानक.

गेल्या हिवाळ्यात फोनवर पेरननेच शिकवलं.
काडी पिंपाच्या अंगाला चिकटव,
वर स्पंजचा तुकडा, वर पट्टी,
म्हणजे तिला खोलीचं ऐकू येणार नाही.
"भिंतीला काय विचारतोस, डॅड.
त्याला विचार."

सहाव्या दिवशी दक्षिणेचं वारं सुटलं.
बुडबुडे मंदावले, मिनिटाला एक,
म्हाताऱ्याच्या गप्पांसारखे.
आता सगळं उलट करायचं असतं:
पिंप टबाबाहेर, सदरा उतरवायचा,
अंग पुसायचं, एकवीसपर्यंत चढू द्यायचं.
भरात असताना यीस्टने जो लोण्याचा वास
मागे टाकलेला असतो,
तो ते परत येऊन स्वतःच खातं.
पण उबेत.
गारठ्यात मागचं कोणी आवरत नाही.

रविवार. होबार्टहून फोन,
आधी मर्लचा, मग दोन मिनिटं याची.
"तिकडे किती?"
"सोळा. तिकडे?"
"एकोणतीस. उतरलं."
"पिंप?"
"वीस."
"खोलीत की आत?"
"आत."

एरवी इथे तो फोन मर्लकडे देतो.
आज ओला सदरा खांद्यावर घेऊन उभा आहे,
पाठीवरून पाणी ओघळून चपलेत उतरतंय,
मर्लने पुढे केलेला हात तसाच,
आणि तिकडेही कोणी आकडा सांगत नाही,
फोनही ठेवत नाही.